उपाशी पट्टा

ओढा ओलांडून चढाला लागलो आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मंद्रूपच्या फाट्यावर एसटीतून उतरल्यापासून आम्ही चालतच होतो आणि अजून बरंच चालायचं होतं. पूनमनं पाठीवरची पिशवी खाली ठेवली, आतून सुतळीचं बंडल काढलं, दातानं एक तुकडा तोडला आणि माझा पाय आपल्या गुडघ्यावर घेऊन चप्पल बांधून दिली. मी नको नको म्हणेपर्यंत तिची गाठ मारून झाली होती.

"काकू, तुमच्यामुळं पट्टा वीतभर आखूड झाला बघा," ती म्हणाली. "आता निबंधात लिहावं लागणार, काकूंची चप्पल तुटली म्हणून."

"लिही की. माझं नाव तेवढं नीट लिही."

ह्या मे महिन्यातली ही गोष्ट. सकाळी लवकर निघालो होतो तरी ऊन वर आलं होतं. पूनम माझ्या उन्हाच्या अंगाला चालत होती, म्हणजे तिची सावली माझ्यावर पडावी. तिनं ते बोलून दाखवलं नाही. मी जागा बदलली की तीही बदलायची.

सुतळी होती ती शाळेच्या कामाची. हिंदुराव म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या वरच्या रानात त्या रात्रीपासून पूनमच्या वडिलांची मेंढरं बसणार होती. रानात मेंढरं बसवायची म्हणजे रात्रभर ती तिथं कोंडून ठेवायची. त्यांच्या लेंड्या-मुतानं जमिनीला खत होतं आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला ज्वारी देतो. पूनमला त्या रानातला एक पट्टा कोरा ठेवायचा होता. जूनमध्ये सगळीकडं सारखा मूग पेरायचा आणि ऑगस्टात दोन्हीकडच्या शेंगा मोजायच्या. मेंढरं बसल्यानं पीक खरंच वाढतं का, वाढत असेल तर किती, हा तिच्या निबंधाचा विषय. मार्चमध्ये एकदा असा पट्टा आखून झाला होता आणि बिघडलाही होता. आता दुसऱ्यांदा बिघडलं तर विषयच सोडावा लागेल, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं. आणि निबंध नाही तर डिप्लोमा नाही.

मी विजापूर रस्त्यावरच्या त्या शाळेत मुलींच्या वसतिगृहावर असते. मुलीला एकटीला बाहेरच्या कामाला सोडायचं नाही असा नियम आहे, म्हणून पूनमबरोबर मी. माझं स्वतःचं शिक्षण सगळं मराठी शाळेत झालं. आमच्या शाळेत जे शिकवतात ते मला आधी दोन वर्षं नीट कळलं नव्हतं. मग एकदा स्वयंपाकघरात आमच्या रंभाबाईनं पूनमला विचारलं, "तू सायन्सला का आर्टला?" आणि पूनमनं जे सांगितलं त्यातून मलाही कळलं.

ती म्हणाली, "मावशी, हितं तसं नसतं. अकरावी-बारावीच्या जागी हा दोन वर्षांचा डिप्लोमा. सगळ्यांनी सगळ्यातलं थोडं घ्यायचं. दोन भाषा, एक सायन्स, एक गणित, एक समाजाचं, आन एक आपल्या मनाचं. जगात सगळीकडं हाच अभ्यास. पेपर तपासायला परदेशी जातात."

"आन मग तो निबंध कसला म्हनं?"

"आपणच प्रश्न काढायचा, आपणच शोधायचं आन लिहायचं. चार हजार शब्द."

"कशावर लिवनार?"

"लेंड्यांवर."

रंभाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "चार हजार शब्द? लेंड्यांवर? अगं त्यात येवढं लिवन्यासारखं हाय तरी काय?" आणि मग तिला हसू आवरेना. दोन दिवस ती पूनमला ताट वाढताना "घ्या लेंडीसायेब" म्हणत होती.

पूनम जन्मली ती मेंढरांच्या मागं. आईवडील माळशिरसच्या अंगाला होते तेव्हा. तिचे वडील गुंडाआप्पा, आई मायाक्का. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गावाकडं परतायचं, असं त्यांचं वर्ष. शाळेसाठी म्हणून पूनमला मंद्रूपला आत्याकडं ठेवली. तिथं ती दहावी झाली. एका ट्रस्टनं खेड्यातल्या हुशार मुलांची परीक्षा घेतली, त्यात तिचा नंबर लागला आणि आमच्या शाळेत फी माफ होऊन ती आली. आली तेव्हा पत्र्याची पेटी, घोंगडं आणि आत्यानं दिलेली शेंगाचटणी. पहिल्या रात्री गादी उचलून भिंतीला उभी केली आणि घोंगडं अंथरून खाली झोपली. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, खाटंवर पडले की खाली कोन हाय ते दिसत न्हाय."

इंग्रजी तिला जड गेलं. पहिले काही महिने ती वर्गात तोंड उघडत नव्हती. पण एक गोष्ट झाली. त्या अभ्यासात आपली भाषा आपण स्वतःच वाचून तिची परीक्षा द्यायची सोय आहे, शाळेत त्या भाषेचे शिक्षक नसले तरी. पूनमनं मराठी घेतलं. मदत म्हणून कुणीतरी जवळ बसायला पाहिजे, तर मला बसवलं. मी काय मदत करणार? संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की ती माझ्या खोलीत यायची, मोठ्यानं वाचायची आणि मी वाती वळत ऐकायची. मध्येच थांबून विचारायची, "हे ह्या बाईनं असं का केलं असंल?" मी मला वाटेल ते सांगायची. तिला ते पटलं नाही की ती माझ्याशी भांडायची. माझ्याशी भांडून भांडून तिचं तोंड उघडलं, आणि मग ते इंग्रजीतही उघडलं.

त्यांना एक तास असतो. आपल्याला जे माहीत आहे ते माहीत आहे कशावरून, हे विचारायचा तास. तो सुरू झाल्यापासून पूनमनं आम्हाला हैराण केलं. रंभाबाई म्हणाली भाजी चांगली झालीय, की "कशावरून?" रखवालदार म्हणाला आज पाऊस येणार, की "कशावरून?" एके दिवशी मी हात जोडून उठले तर हिनं मलाच विचारलं, "काकू, देव ऐकतो कशावरून?"

मी म्हटलं, "तो ऐकतो का ते मला कुठं माहीत? मी सांगते आणि मला झोप लागते. तेवढं माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "तुमचं वर्गात सांगितलं. सर म्हणाले, हा पुरावा नाही, पण अनुभव आहे, त्याला खोडायचं नाही." मी म्हटलं, बरं झालं, नाहीतर रात्रभर जागी राहिले असते.

आणखी एक नियम आहे. नुसता अभ्यास चालत नाही. काहीतरी नवं घडवायचं, अंगमेहनत करायची, दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं, आणि त्याबद्दल लिहायचं. पूनमनं लिहिलं की सुट्टीत मी मेंढरांमागं रोज दिवसभर चालते. ते काही धरलं गेलं नाही. घरचं नेहमीचं काम चालत नाही, तुझ्यासाठी नवं असं काहीतरी पाहिजे, असं सांगण्यात आलं. ती माझ्या खोलीत येऊन बसली.

"काकू, माझ्या वर्गातला इंद्रजीत नवे बूट घालून एक डोंगर चढला तर त्याचं साहस झालं. मी रोज चालते तर ते घरकाम."

"मग तुला नवं काय आहे?"

तिनं विचार केला. "सायकल येत न्हाय मला."

मग आमच्या मैदानावर सायकल सुरू झाली. कोणी कॅरिअर धरायचं, कोणी ओरडायचं, आणि ही लिंबाच्या झाडावरच जाऊन धडकायची. झाडाची साल निघाली. पण शिकली, आणि नंतर स्वयंपाकघरातल्या दोघींना तिनंच शिकवली. रंभाबाई आता सायकलवरून येते. कामावर येताना घंटी वाजवते, समोर कुणी नसलं तरी.

तर असं सगळं नीट चाललं होतं आणि मार्च आला.

हिंदुरावांची ज्वारी निघाली आणि खालच्या रानात गुंडाआप्पांची मेंढरं बसली. पूनम रविवारी गेली, मीही होते. तिनं चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली आणि आप्पांना समजावून सांगितलं की एवढ्यात मेंढरू शिरता कामा नये. आप्पा "व्हय व्हय" म्हणाले. हिंदुराव तिथंच बसले होते, तेही हो म्हणाले. मेंढरं कोंडायला त्यांच्याकडं जाळी असते, वाघर म्हणतात तिला, ती आप्पांनी आमच्यासमोर सुतळीच्या अलीकडं लावली. आम्ही निर्धास्त परत आलो.

पुढच्या रविवारी पूनम माती काढायला गेली. खुंट्या जागेवर, सुतळी जागेवर, आणि आत सगळीकडं लेंड्याच लेंड्या. बाकीच्या रानापेक्षा जास्तच. पूनम खाली बसून बघत राहिली. तेवढ्यात मायाक्का चहा घेऊन आली आणि कौतुकानं म्हणाली, "तुज्या आप्पांनी ध्यान ठेवलं बघ. निघायच्या आदल्या राती समदी मेंढरं तुज्या तुकड्यात कोंडली. म्हनले, पोरीचा तुकडा तेवडा कोरडा कसा ठेवायचा."

आप्पा मागून आले. त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. ते म्हणाले, "अक्का, हिंदुराव आमाला ठरल्यापरास जास्ती ज्वारी घालतोय. पोरंबाळं म्हनून लोणचं, ताक धाडतोय. आन आपुन त्येच्या रानाचा तुकडा उपाशी सोडून उटायचं? तो काय बोलनार न्हाय. पन जमीन बोलंल की."

पूनमनं चहा घेतला. "चांगलं केलं आप्पा," म्हणाली. एवढंच. परत येताना एसटीत नंदनी गावाच्या पुढं अचानक हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती. मी पाठीवरून हात फिरवला.

तिचे अभिमन्यू सर भले माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, रागावण्यासारखं यात काही नाही. पण तुलना केल्याशिवाय निबंध उभा राहत नाही. एकाच रानाची एकच माती पाहिजे, एक भाग मेंढरांचा, एक बिनमेंढरांचा. पावसाच्या आधी जमलं तर कर. नाही जमलं तर जूनमध्ये दुसरा विषय घ्यायचा, आणि तो पुस्तकातला घ्यावा लागेल, कारण नवं काही मोजायला वेळ उरणार नाही. पूनमला पुस्तकातला विषय नको होता. आपल्या आईबापांनी जन्मभर जे केलं त्याचा उपयोग किती, हे तिला शेंगांत मोजून हवं होतं. हे तिनं सरांना सांगितलं नाही, मला सांगितलं.

म्हणून आम्ही मे महिन्यात त्या वाटेनं चाललो होतो.

चढ संपला तशी मी विचारलं, "ह्या वेळी आप्पांना नीट सांगितलंस ना?"

"चार वेळा सांगितलं. फोनवर बी सांगितलं."

"काय म्हणाले?"

"व्हय व्हय म्हणाले."

आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "काकू, त्यांना प्रयोग कळत न्हाय असं न्हाय. चांगला कळतो. पण ते रात्री उठून बघणार, सगळं रान काळं झालंय आन मधे एक पट्टा पांढरा. त्यांच्याच्यानं बघवणार न्हाय. जसं तुमच्याच्यानं एखादं पोरगं जेवायचं ऱ्हायलेलं बघवत न्हाय तसं."

"मग राखणीला आपण बसू तिथं."

"सगळ्या राती? तुमचं वसतिगृह कोण बघणार? आन मी राखण बसले तर त्यांना वाटंल, पोरीचा बापावर भरोसा न्हाय."

ते खरं होतं. मी मनात सिद्धेश्वराला म्हटलं, बाबा, ह्या पोरीला काहीतरी सुचू दे. हे मी तिला सांगितलं नाही, नाहीतर कशावरून म्हणाली असती.

रानाच्या कडेला बाभळीखाली बिऱ्हाड दिसलं. मेंढरं चरायला निघायच्या बेतात होती. मायाक्का चुलीपाशी होती, तिनं हात केला. एका बाजूला पेटीत देव मांडलेले होते. मी चप्पल काढली आणि आधी तिथं जाऊन डोकं टेकलं. मी हे नेहमीच करते. गुंडाआप्पा पहिल्या भेटीपासून मला मानतात ते त्यामुळंच असावं. मायाक्कानं एकदा सांगितलं होतं, ते घरी म्हणतात की शाळेतलं मला काय कळत न्हाय, पन त्या अक्का देवाच्या हायत.

आप्पांनी पाणी दिलं. त्यांच्या मागून एक मोठा एडका आला आणि माझ्या पिशवीला हुंगायला लागला. अंगावर लोकर लोंबत होती, कपाळावर हळदीचा भंडारा.

"ह्याची लोकर नाही काढली?" मी विचारलं.

"तो बिरोबाचा हाय, अक्का. देवाच्या नावानं सोडलेला. त्याला कातरत न्हाईत, इकत न्हाईत. हात बी लावत न्हाय कोन." एवढं बोलून आप्पांनी त्याला पिशवीपासून ढकललं, म्हणजे हात लावलाच. "त्यो लई द्वाड झालाय त्येच्यामुळं."

आप्पा मेंढरांकडं गेले. पूनम मला वरच्या रानात घेऊन गेली. आम्ही खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली. सुतळी शेवटच्या खुंटीला वीतभर कमी पडली. तिनं माझ्या चपलेकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं, आणि तिनं खुंटी अलीकडं घेतली.

मग तिनं पिशवीतून कागदाची पुडी काढली. उघडली तर भंडारा. चांगला पाव किलो असेल.

"हे कशाला?"

"हा पट्टा बिरोबाच्या नावानं सोडायचा."

देवाच्या पट्ट्यात आप्पा मेंढरू शिरू देणार नाहीत, हे मला लगेच समजलं, आणि आवडलं नाही. मी म्हटलं, "पूनम, देवाला तुझ्या अभ्यासाला जुंपू नकोस. आप्पांना फसवायला देवाचं नाव घ्यायचं हे मला चालणार नाही."

"फसवायचं न्हाय, काकू. खरंच सोडायचा." ती ढेकळावर बसली. "हिंदुराव काकांना मी आधीच विचारलंय. ते म्हणाले, येका पट्ट्यानं मी काय भिकंला लागत न्हाय, सोड. ह्या पट्ट्यात जो मूग येईल तो काढून बिरोबाच्या जत्रंला द्यायचा, परसादाला. एक दाणा घरी न्यायचा न्हाय. मी फकस्त मोजणार. मोजल्यानं देवाचं कमी होत न्हाय की."

मी तिच्या शेजारी ढेकळावर बसले.

"आन दुसरं," ती सुतळीशी चाळा करत म्हणाली. "आमच्यात प्रत्येकानं देवाला एक मेंढरू सोडलंय. आईनं, आप्पांनी, माझ्या धाकट्या भावानं सुदिक. तो एडका त्याचाच. मी शाळेला गेले तवापासून माझ्या वाट्याला मेंढरूच न्हाय. मी काय सोडायचं? माझ्याकडं एवढाच पट्टा हाय. तो पण मागून घेतलेला."

खाली मेंढरांच्या घंटा वाजत होत्या. आप्पा त्या द्वाड एडक्याला शिव्या देत होते आणि शिव्या देऊन झाल्या की कपाळाला हात लावून माफी मागत होते.

"मग टाक की भंडारा," मी म्हटलं. "घे देवाचं नाव."

तिनं आप्पांना हाक मारली. ते आणि मायाक्का वर यायला लागले. तेवढ्यात तिनं पुडी माझ्या ओंजळीत दिली आणि माझी बोटं मिटवली.

"तुमी टाका, काकू. ते इथं पोचले की त्यांच्यासमोर टाका, आन हा पट्टा देवाचा म्हणून तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगितलं तर आप्पा म्हणतील, पोरगी शाळेचं काम देवाकडनं करून घेतीया. तुमचं ते खरं धरतील. सांगाल न्हवं?"